हिंगण्याची झोपडी

पुण्यास पाहुणे आले की त्यांना शनिवारवाडा नि पर्वती दाखवायची, म्हणजे यजमानाचे कर्तव्य संपले! पण कर्वेनगरात, महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेच्या आवारात, एक साधी झोपडी जपून ठेवली आहे. तिकडे कितीजणांचे पाय वळतात?

अनाथ बालिकाश्रमाची ही पहिली स्वतःची वास्तू. 'अनाथ' म्हणजे आईबापांविना पोरकी, असे वाचकांस वाटेल. येथे मात्र पुष्कळ मुलींना माहेरही होते, सासरही होते. नव्हता तो 'नाथ'. विधवा झालेली बारा-पंधरा वर्षांची पोर भरल्या घरात अनाथ ठरे, हे त्या काळच्या भाषेनेच सांगून ठेवले आहे.

1896 साली धोंडो केशव कर्वे यांनी मंडळी स्थापन केली. स्वतः त्यांनी 1893 साली विधवेशी विवाह केला होता आणि त्यापायी मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला होता. पुढे पुण्यात प्लेगचे थैमान; मुली शहरात ठेवाव्यात कशा? रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याची सहा एकर जमीन व साडेसातशे रुपये दिले, आणि 1900 साली सुमारे पाचशे रुपयांत झोपडी उभी राहिली.

शिल्प म्हणून पाहू जाल तर निराशाच पदरी पडेल. चौक नाही, दिवाणखाना नाही, नक्षीचा खांब नाही. तेथेच शिकायचे, तेथेच रांधायचे, तेथेच निजायचे. पण जरा विचार करा. वाड्यात ओटी पुरुषांची, माजघर सुवासिनींचे, आणि विधवेच्या वाट्याला मागचा अंधार. येथे माजघरच नव्हते. मग तिला मागे लोटणार कोठे? कुशल वास्तुकारालाही न साधणारी ही सोय गरिबीने केली, असे मला वाटते.

कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत. कॉलेज सुटले की शिधासामान घेऊन चार मैल चालत हिंगण्यास यायचे, मुलींना शिकवायचे आणि सकाळी परत. पावसाळ्यात वाट कसली, नुसता चिखल! त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले, स्वतः विधवा, आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या.

1916 साली याच माळावर महिला विद्यापीठ सुरू झाले. पहिल्या वर्षी विद्यार्थिनी होत्या पाच.