छातीवरील खुणा

छातीचा पुढचा भाग वरवर पाहता खुणाविरहित वाटतो. वैद्यकाच्या दृष्टीने मात्र तो एक नकाशाच होय. १९५५ साली स्थापन झालेल्या जबलपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात काय किंवा देशातील अन्य कोठेही काय, विद्यार्थ्याला छातीवर स्टेथॉस्कोप ठेवण्यापूर्वी बोटांनी बरगड्या मोजावयास शिकावे लागते.

ही मोजणी पहिल्या बरगडीपासून करता येत नाही, कारण ती गळपट्टीच्या हाडाखाली दडलेली असते व सहसा बोटाला लागत नाही. गळ्याच्या तळाशी असलेल्या खळग्यापासून बोट उरोस्थीवरून, म्हणजे छातीच्या मधल्या हाडावरून, सरळ खाली आणावे. सुमारे पाच सेंटिमीटरांवर एक आडवा उंचवटा लागतो. उरोस्थीचे वरचे दोन भाग येथे किंचित कोन करून जुळतात. पाश्चात्त्य ग्रंथांत यास ‘लुईचा कोन’ म्हणतात. याच्या दोन्ही बाजूंना दुसरी बरगडी जोडलेली असते. तिच्या खालची ती दुसरी जागा, असे मोजीत खाली जावयाचे. स्तनाग्रावरून अंदाज करणे, विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत, मुळीच विश्वसनीय नाही.

डाव्या बाजूच्या पाचव्या जागेत, गळपट्टीच्या हाडाच्या मध्यातून खाली काढलेल्या कल्पित रेषेच्या किंचित आत, निरोगी प्रौढाच्या हृदयाच्या टोकाचा ठोका बोटांना जाणवतो. हृदय मोठे झाले की हा ठोका खाली व बाहेर सरकतो. आता समजा, विद्यार्थ्याने दुसऱ्या बरगडीलाच पहिली मानले. मग सहाव्या जागेत सरकलेला ठोका त्याला पाचव्या जागेत सापडेल आणि रुग्णाचे हृदय त्याला निरोगी वाटेल! हृदयाचा विद्युत्-आलेख काढतानाही हेच घडते. उरोस्थीलगतच्या चौथ्या जागेतील चकत्या एक-दोन जागा वर लागल्या, तर कधीकधी निरोगी माणसाच्या आलेखातही जुन्या हृदयविकाराच्या झटक्याचा भास होतो.

सुई खुपसावयाची असेल तर सूक्ष्म स्थानही महत्त्वाचे ठरते. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेस नीला, रोहिणी व मज्जातंतू दडून असतात. म्हणून सुई नेहमी खालच्या बरगडीच्या वरच्या कडेवरून घालतात.

फुप्फुसाचे टोक गळपट्टीच्या हाडाच्या आतल्या भागावर सुमारे अडीच सेंटिमीटर डोकावते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. प्रौढांतील क्षयरोग बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागातच आढळतो. त्यामुळे व्हिएन्नाच्या आउएनब्रुगर या वैद्याने १७६१ मध्ये छातीवर बोटांनी ठोकून आवाज ऐकण्याची रीत प्रसिद्ध केल्यानंतर, पुढील पिढ्यांतील वैद्य ही जागा अगत्याने तपासू लागले. जबलपूरला या रोगाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. आदिवासींच्या आरोग्याच्या अभ्यासासाठी १९८४ मध्ये तेथे सुरू झालेल्या संशोधन केंद्राला मध्य प्रदेशातील सहरिया जमातीत क्षयाचे प्रमाण देशाच्या सरासरीहून कितीतरी अधिक आढळले. आज निदान थुंकीच्या तपासणीवर व क्ष-किरण चित्रावर होते, ठोकण्यावर नव्हे. परंतु गळपट्टीच्या हाडाखालून मोठ्या शिरेत नळी घालताना सुई थोडी भरकटली, तर ती याच टोकाला लागून छातीत हवा भरते.