टकटक, खडखड आणि अन्वय-व्यतिरेक : जुन्या मोटारीतील आवाजांचे निदान

१. विषयाची मर्यादा

जुन्या मोटारीतून येणाऱ्या अनोळखी आवाजावरून तिच्यातील दोष ओळखणे, हा विषय वस्तुतः यंत्रशास्त्राचा होय. भाषाविज्ञानाच्या पत्रिकेत त्याला स्थान का द्यावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, हे निदान दोन टप्प्यांनी होते आणि हे दोन्ही टप्पे आपल्या परिचयाचे आहेत. पहिल्या टप्प्यात मोटारीचा मालक आवाजाला एक नाव देतो : ‘टकटक होते’, ‘खडखडते’, ‘घरघर येते’. दुसऱ्या टप्प्यात मिस्त्री एकेक परिस्थिती बदलतो आणि आवाज केव्हा राहतो, केव्हा जातो, हे पाहतो. कशाच्या असण्याने काय असते आणि कशाच्या नसण्याने काय नसते, यावरून प्रकृती व प्रत्यय यांचे अर्थ ठरविण्याची जी रीत आपल्या वैयाकरणांनी अन्वय-व्यतिरेक या नावाने योजिली, तीच ही रीत होय.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे : आवाजाचे नाव प्रश्न उभा करते, उत्तर मात्र अन्वय-व्यतिरेकानेच मिळते. नावालाच उत्तर समजले, तर तासाभराच्या कामासाठी अख्खे इंजिन उघडले जाते. अथवा उलट, मोडकळीस आलेले इंजिन ‘टॅपेटचा आवाज आहे, चालायचेच’ अशा समजुतीने ते पुरते निकामी होईपर्यंत चालविले जाते.

विवेचनासाठी प्रीमियर पद्मिनी ही मोटार घेतली आहे. मूळच्या फियाट ११०० या मोटारीची ही आवृत्ती मुंबईत कुर्ला येथील कारखान्यात तयार होत असे. १०८९ घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, आठ व्हॉल्व्ह आणि मागच्या चाकांना शक्ती पोचविणारा लांब प्रॉपेलर शाफ्ट, अशी तिची सुटसुटीत रचना आहे. मुंबईच्या रस्त्यांवरील टॅक्सी म्हणून तिची कारकीर्द २०२३ च्या ऑक्टोबरअखेर संपली. आता ती हौशी मालकांकडे आढळते. तिच्यात दोष सांगणारा संगणक नाही. सांगणारा आवाज आहे आणि ऐकणारा कान आहे.

२. नावांची व्यवस्था

निसर्गातील अस्फुट ध्वनींच्या नकलेला पाणिनीने ‘अव्यक्तानुकरण’ अशी संज्ञा वापरली आहे; संस्कृतातील ‘पटपटा’ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. मराठीत या वर्गातील शब्दांचा साठा फार मोठा आहे आणि तो वाटतो तितका विस्कळित नाही. मोटारीच्या संदर्भात येणारे शब्द जवळजवळ ठेवून पाहिले, तर त्यांतील अंत्य व्यंजन आवाजाच्या घडणीविषयी काही सांगते असे दिसते.

टिकटिक, टकटक, खटखट, फटफट या शब्दांत शेवटी स्पर्श व्यंजन आहे. मुखातील हवा तेथे पूर्ण अडते. प्रत्येक ठोका सुटा पडतो. खडखड व खुळखुळ यांत शेवटी ‘ड’ किंवा ‘ळ’ आहे. खडखड म्हणताना तो ‘ड’ ताडित उच्चारला जातो. जीभ टाळूला ओझरता फटका मारून निसटते, ठोके एकमेकांत घुसतात. सैल वस्तूचा आवाज असाच असतो. खुळखुळ या शब्दात बंद पोकळीत काहीतरी सुटे फिरत असल्याची कल्पना आहे. लहान मुलाचा खुळखुळा हे तिचे मूर्त रूप. घरघर, करकर, कुरकुर यांतील ‘र’ अखंड घर्षण सुचवितो. खणखण व ठणठण यांतील अनुनासिक धातूचा निनाद दाखवितो. स्वरांचेही असेच आहे : टिकटिक ही बारीक वस्तूची, टकटक त्याहून मोठीची, तर ठोकठोक जड वस्तूची. ‘इ’ हा स्वर लहानपणाशी आणि ‘आ’ मोठेपणाशी जोडण्याकडे लोकांचा कल असतो, हे एडवर्ड सपीर यांनी १९२९ मध्ये ‘मिल’ आणि ‘माल’ या बनावट शब्दांच्या प्रयोगाने दाखविले होते.

ही प्रवृत्ती आहे, नियम नव्हे. ‘धडधड’ हा शब्द ‘ड’ने संपतो, पण हृदयाची धडधड लयबद्धच असते. सोस्यूर यांच्या १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत अनुकरणवाचक शब्दही अंशतः संकेतानेच ठरतात असे प्रतिपादन आहे, ते येथे ध्यानात ठेवावयास हवे. तथापि एक मोठा भेद ही नावे चांगला दाखवितात : आवाज लयबद्ध आहे की विस्कळित. लयबद्ध टकटक बहुधा फिरणाऱ्या भागाची असते. विस्कळित खडखड बहुधा सैल झालेल्या भागाची, म्हणजे सायलेन्सरच्या पट्टीची, बॉनेटची, दाराची किंवा नंबर प्लेटची. पहिली वेगाबरोबर वाढते. दुसरी रस्त्याच्या खड्ड्याबरोबर अथवा इंजिनाच्या एका विशिष्ट वेगालाच उठते व त्यापुढे शमते, कारण तेवढ्या वेगालाच त्या पत्र्याचे अनुनादन होते.

३. एक कारण, दोन नावे

इंजिनातील सर्वांत परिचित आवाज म्हणजे टॅपेटची टिकटिक. व्हॉल्व्हचा दांडा आणि त्यावर दाब देणारा रॉकर यांच्यामध्ये अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी फट मुद्दाम ठेवलेली असते. झिजेने ती वाढली की रॉकर दांड्यावर आदळू लागतो.

आता गणित पाहावे. कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या गतीने फिरतो. इंजिन मिनिटास ८०० फेऱ्यांनी संथ चालू असेल, तर एक व्हॉल्व्ह मिनिटास ४०० वेळा उघडतो. म्हणजे सेकंदास सुमारे सात ठोके. हे कानाला सुटे ऐकू येतात. तेच इंजिन ३००० फेऱ्यांवर गेले की सेकंदास २५ ठोके होतात. सेकंदास साधारण २० च्या वर गेलेले ठोके कानाला सुटे भासत नाहीत. ते एका सलग स्वरात विलीन होऊ लागतात. मग तोच मालक त्याच दोषाला ‘टिकटिक’ न म्हणता ‘घरघर’ म्हणतो. एकच स्वनिम परिसरानुसार दोन उपस्वनांच्या रूपाने प्रकट व्हावा, तसा हा प्रकार होय. म्हणून तक्रार ऐकताना ‘कसा आवाज?’ या प्रश्नाच्या जोडीला ‘किती वेगाला?’ हा प्रश्न अपरिहार्य ठरतो.

४. परिस्थिती बदलून पाहणे

अन्वय-व्यतिरेकाचा नियम एकच : एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

(अ) मोटार उभी की चालती. मोटार उभी असताना, इंजिन चालू असता आवाज येत असेल, तर चाके व प्रॉपेलर शाफ्ट यांचा संबंध सुटतो. केवळ चालताना येत असेल, तर सपाट, मोकळ्या रस्त्यावर गिअर न्यूट्रलमध्ये घ्यावा. इंजिन मंदावूनही टकटक चाकाच्याच गतीने चालू राहिली, तर इंजिन निर्दोष ठरते. अशा वेळी टायरच्या खाचेत अडकलेला खडाही पुष्कळदा सापडतो.

(आ) क्लच. मोटार उभी व न्यूट्रलमध्ये असता येणारी घरघर पायटा दाबताच थांबली, तर संशय गिअरबॉक्सच्या पुढील बेअरिंगवर जातो. उलट दाबल्यावरच सुरू झाली, तर क्लचच्या थ्रस्ट बेअरिंगवर.

(इ) उष्णता. थंड इंजिनात ऐकू येणारी पोकळ ठकठक इंजिन तापल्यावर नाहीशी होत असेल, तर ती बहुधा पिस्टनची असते. ॲल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या सिलिंडरपेक्षा अधिक प्रसरण पावतो व सैलपणा भरून काढतो. असे इंजिन सावधपणे बराच काळ चालविता येते. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगची ठोकठोक मात्र तेल तापून पातळ झाल्यावर वाढते.

(ई) भार. घाट चढताना वरच्या गिअरमध्ये धातूची बारीक खणखण येते आणि खालचा गिअर टाकताच ती जाते, तर तो ज्वलनाचा दोष आहे. ठिणगी वेळेआधी पडत असेल किंवा पेट्रोल त्या इंजिनास मानवत नसेल. वेग वाढवून पाय काढताक्षणी जड ठोके उमटले, तर रॉडच्या बेअरिंगचा संशय घ्यावा.

(उ) सिलिंडर. ही सर्वांत निर्णायक कसोटी. इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढावी, तिचे टोक इंजिनाच्या धातूला घट्ट जोडावे आणि मग इंजिन पुन्हा चालू करावे. त्या सिलिंडरातील ज्वलन थांबले असता ठोका एकदम मंदावला, तर तो पिस्टन किंवा रॉड यांचा, म्हणजे ज्वलनाचा भार सोसणाऱ्या भागाचा. काहीच फरक पडला नाही, तर तो व्हॉल्व्हच्या बाजूचा. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनावर व मूठ कानाजवळच्या हाडावर टेकवून स्थान निश्चित करण्याची मिस्त्र्यांची रीतही याच वेळी उपयोगी पडते. घन पदार्थातून आवाज थेट पोचतो. फिरत्या पंख्यापासून मात्र सांभाळावे आणि बंद जागेत इंजिन चालवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

५. दोन कारणे, एक नाव

वर एका कारणाची दोन नावे पाहिली. उलट प्रकार अधिक फसवा आहे. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे गॅसकेट फुटले असता तेथून निसटणारा वायू प्रत्येक स्फोटागणिक टिकटिक करतो, आणि तीही कॅमशाफ्टच्याच गतीने. उच्चार एक, अर्थ दोन, अशा समध्वनी शब्दांसारखी ही स्थिती होय. कान कितीही तयार असला तरी आवाजाच्या स्वरूपावरून येथे निर्णय करणे कठीण. आणि टॅपेट पुनःपुन्हा जुळवूनही टिकटिक न गेल्याची उदाहरणे याच गोंधळातून निर्माण होतात. समध्वनी शब्दाचा अर्थ आपण वाक्यावरून ठरवितो, तसा येथे निर्णय परिस्थितीवरून करावा : गळतीची टिकटिक भाराबरोबर ठळक होते, त्या सिलिंडरची ठिणगी बंद करताच मंदावते आणि सांध्याजवळ बहुधा काजळीचा डाग असतो. टॅपेटला ठिणगीचे सोयरसुतक नसते.

६. लोपाचा अर्थ

निःशब्दतेविषयी एक इशारा देणे अवश्य आहे. टिकटिक नकोशी वाटून काही मालक टॅपेटची फट नेमून दिलेल्या मापाहून कमी करवून घेतात. आवाज जातो, परंतु तापून लांबलेला व्हॉल्व्ह आता पूर्ण मिटत नाही, आपली उष्णता बैठकीस देऊ शकत नाही आणि कालांतराने त्याची कड जळते. पाणिनीच्या व्याकरणात लोप म्हणजे निव्वळ अभाव नव्हे. जे दिसावयास हवे होते त्याचे न दिसणे, आणि त्यामागेही कार्य चालू असते. फट फीलर गेजने मापावी, कानाने नव्हे. अतिसैल टॅपेट आवाज करून सांगतो. अतिघट्ट टॅपेट सांगतच नाही.

दुसरा इशारा उलट बाजूचा. रात्रभर उभ्या मोटारीत सकाळी काही सेकंद होणारी टिकटिक तेल वर पोचताच थांबते. तिची चिंता नको. जड ठोकठोक आणि तेलाच्या दाबाचा लाल दिवा ही दोन्ही एकत्र आली, तर मात्र पुढील परीक्षेच्या मोहात न पडता इंजिन तेथेच बंद करावे. बेअरिंग बदलण्याचे काम क्रँकशाफ्ट बदलण्याच्या कामात रूपांतरित होण्यास त्यानंतर फार अवधी लागत नाही.

७. अभ्यासाची दिशा

अनुकरणवाचक शब्दांच्या आपल्या याद्या बहुधा कोशांवरून तयार होतात. त्यांत शब्द असतो, पण ज्या ध्वनीसाठी तो वापरला तो ध्वनी नसतो; म्हणून शब्द आणि ध्वनी यांचा संबंध कितपत नैसर्गिक व कितपत सांकेतिक, याचा निर्णय होत नाही. गॅरेज हे या दृष्टीने दुर्मीळ क्षेत्र आहे. येथे मालकाने दिलेले नाव नोंदविता येते, आवाज ध्वनिमुद्रित करता येतो, आणि इंजिन उघडल्यावर कारणही डोळ्यांनी दिसते. या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी क्वचितच मिळतात. अशा इंजिनांवर कान तयार झालेले मिस्त्री वृद्ध होत चालले आहेत आणि ती इंजिने थोडी उरली आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणी हे काम हाती घेणार असेल, तर ते लवकर घेणे इष्ट होय.