जुनी बोट : दोन सौदे, एक हिशेब

व्यापारी माणूस दुकानासाठी टेम्पो घेतो किंवा गोदाम भाड्याने घेतो, तेव्हा दहा ठिकाणी चौकशी करतो. पण घरच्यांच्या हौसेची वस्तू घ्यायची वेळ आली की तोच माणूस पहिल्या नजरेत बयाणा देऊन मोकळा होतो. आमच्याकडूनही ही चूक होता होता राहिली. तो अनुभव आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांच्या उपयोगी पडेल, म्हणून येथे मांडत आहोत.

चिपळूणला आमचे कापडाचे दुकान आहे आणि वाशिष्ठीची खाडी घरापासून फार लांब नाही. सुट्टीच्या दिवशी गोवळकोटच्या धक्क्यावरून निघावे, खाडीने दाभोळच्या दिशेने जावे, वाटेत मगरी पाहाव्यात, संध्याकाळच्या आत घरी परतावे, अशी मुलांची फार दिवसांची मागणी होती. आम्ही घरचे आठ. डिसेंबरात लेक, जावई आणि त्यांची दोन मुले कुवेतहून येतात, तेव्हा बारा. नवी बोट परवडणारी नव्हती. चौकशीअंती दोन जुन्या बोटी समोर आल्या.

दोन बोटी

पहिली २८ फुटी. लाकडाची, वरून फायबरचा थर चढवलेला, आत डिझेल इंजिन. पूर्वी मासेमारीला जात असे. मालकाने तिच्यावर लाकडी मजला बांधला होता, कठडा आणि बाके बसवली होती, सगळीकडे निळा-पांढरा रंग दिला होता. पंधरा माणसे आरामात बसतील असे तो म्हणाला. किंमत २ लाख ७५ हजार.

दुसरी १८ फुटी, पूर्ण फायबरची, उघडी. वर ताडपत्रीचे छत आणि मागे टांगलेले ४० हॉर्सपॉवरचे पेट्रोल इंजिन. दिसायला साधी, रंग उडालेला. चालक धरून आठ माणसांची. किंमत ३ लाख ६० हजार.

कोणीही पहिलीच पसंत केली असती. मोठी बोट, कमी पैसे आणि सगळे एकत्र. आमच्या वालिदांच्या पश्चात घरात आईचा शब्द शेवटचा असतो. आई म्हणाली, "जायचं तर सगळ्यांनी एकदम जायचं. अर्धे धक्क्यावर आणि अर्धे पाण्यात, ही कसली सहल?" पहिल्या बोटीच्या मालकाने आमचे मन ओळखून आणखी एक गोष्ट जोडली, "शेठ, पूर आला तर हीच कामाला येईल." २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या दुकानातल्या कापडाच्या गाठी चिखलात गेल्या होत्या. त्यामुळे हा शब्द थेट काळजाला लागला आणि आम्ही खिशात हात घातला.

आमचे साडू तीस वर्षे जहाजांवर इंजिन खात्यात होते. त्यांनी आमचा हात धरला. म्हणाले, "भाई, पुराच्या ओढीत सहलीची बोट घालायची नसते. ते काम शिकलेल्या माणसांचं. भीतीच्या भावाने माल घेऊ नका. आधी उलटून पाहा."

कापड उलटून पाहावे

उलटून पाहणे हे तर आमच्याच धंद्याचे पहिले सूत्र. ताग्याची सुलट बाजू दुकानदार दाखवतो, उलट बाजू गिऱ्हाइकाने पाहायची असते.

फायबर म्हणजे काय, हे आम्हांला प्रथमच समजले. ते एक प्रकारचे कापडच आहे. काचेचे बारीक तंतू. काही थर आखूड तुकड्यांच्या चटईचे, तर काही थर उभ्या-आडव्या धाग्यांनी विणलेल्या जाड कापडाचे. ते साच्यात एकावर एक अंथरून रेझिनमध्ये भिजवतात. हे रेझिनही बहुधा पॉलिएस्टरच्याच जातीचे असते. ते सुकले की टणक कवच तयार होते. ताकद तंतूंची, रेझिन त्यांना धरून ठेवते. थर एकमेकांपासून सुटले की कवच बाहेरून चकचकीत दिसते, पण आतून निकामी झालेले असते.

हे ओळखायची युक्ती सोपी आहे. लाकडी मूठ किंवा जाड नाणे घेऊन तळावर टकटक करत जायचे. चांगल्या जागी आवाज खणखणीत येतो. थर सुटले असतील किंवा आत पाणी मुरले असेल तर बद्द येतो. मिस्त्रीने आम्हांला बाजूला बसवून सांगितले, "शेठ, डोळे मिटा आणि फक्त ऐका."

मोठ्या बोटीच्या तळाला कण्याजवळ सुमारे चार हात लांबीत आवाज बद्द येत होता. कारण असे की जुन्या लाकडावर फायबर चढवले की बाहेरचे पाणी अडते खरे, पण एखाद्या चिरेतून आत गेलेले पाणी बाहेर पडू शकत नाही. ते लाकूड आणि फायबर यांच्यामध्ये राहते आणि लाकूड कुजवते. नुसत्या लाकडी बोटीत कुजलेली फळी डोळ्यांना दिसते, येथे ती झाकली जाते. आमच्या बाजारात हलक्या कापडाला भरपूर खळ देऊन भारी दाखवतात. पहिल्या धुण्यात खळ जाते आणि हातात जाळी उरते. हा प्रकार तोच होता.

लहान बोटीतही दोष निघाला. मागच्या ज्या उभ्या फळीवर इंजिन टांगतात, तिच्या एका कोपऱ्यात आवाज बद्द आला. या फळीच्या पोटात बहुधा प्लायवूड असते आणि बोल्टच्या भोकांतून पाणी शिरले की ते मऊ पडते. इंजिनाचे सगळे वजन आणि जोर याच फळीवर असतो. म्हणून इंजिन हाताने वर-खाली हलवून फळी लवते का ते पाहावे. येथे फळी लवत नव्हती, दोष कोपऱ्यापुरता होता. मिस्त्रीने दुरुस्तीचे २० हजार सांगितले. तळाखालचा फोमही पाहिला. हा फोम पाणी प्यायलेला असला तर बोट जड होते आणि बुडताना तरंगून धरायच्या कामी येत नाही. तो कोरडा निघाला.

इंजिन थंड असताना

साडूंनी दोन्ही मालकांना आदल्या दिवशी निरोप दिला होता की आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नये. गरम इंजिन कोणाचेही सुरू होते. खरी परीक्षा थंड इंजिनाची. मोठ्या बोटीचे डिझेल इंजिन बऱ्याच प्रयत्नांनी सुरू झाले आणि निळा धूर बराच वेळ थांबेना. याचा अर्थ आत ऑइल जळत होते. लहान बोटीचे इंजिन दुसऱ्या झटक्यात लागले. बाजूच्या छिद्रातून थंडाव्याच्या पाण्याची धार सरळ पडत होती. ही धार मंद असेल तर आतला पाण्याचा पंप किंवा नळ्या मिठाने धरल्या असे समजावे. गिअरचे ऑइल थेंबभर काढून पाहिले. ते दुधाळ असते तर आत पाणी गेले असे ठरले असते. तसे नव्हते. प्रत्येक सिलिंडरचा दाबही मोजून घेतला. आकडे एकमेकांच्या जवळ असावेत. एखादा फार खाली आला तर सौदा तेथेच थांबवावा.

वरचा मजला

एवढे पाहूनही आमचे मन मोठ्या बोटीतच होते. दुरुस्ती करून घेऊ असे वाटत होते. मग आम्ही तिला खाडीत फिरवून पाहायचे ठरवले. आई, आम्ही, चिरंजीव, सूनबाई, तीन नातवंडे, साडू आणि बोटीचा खलाशी. मुले वरच्या मजल्यावर गेली, त्यांच्यामागे त्यांचे आई-बाप. अर्ध्या तासाने उजव्या काठावरच्या चिखलात एक मगर ऊन खात पडलेली दिसली. वरचे सगळे "मगर, मगर" करत उजव्या कठड्याला धावले. खाली बसलेले आम्हीही उठलो. बोट त्या अंगाला अशी कलली की बाकावरची पाण्याची कळशी घसरत गेली. खलाशी ओरडला, "बसा, खाली बसा!" सगळे बसले. बोट सावरायला दोन श्वास लागले असतील. पण ते दोन श्वास आम्ही विसरणार नाही.

साडूंनी कारण समजावून दिले. मासेमारीच्या बोटीत मासे आणि बर्फ यांचे वजन पोटात, पाण्याच्या पातळीजवळ असते. तिची बांधणीच तशी असते. सहलीसाठी पोट रिकामे ठेवून वर मजला बांधला आणि त्यावर माणसे बसवली की सगळे वजन वर जाते. ट्रकच्या टपावर गाठी रचून वळणाचा घाट उतरण्यासारखे ते आहे. त्यातून गाठी बांधलेल्या असतात, माणसे मात्र धावतात.

७ मे २०२३ रोजी केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या तानूर येथे सहलीची दुमजली बोट उलटून २२ माणसे गेली. त्यांत लहान मुले पुष्कळ होती. ती बोट मासेमारीच्या बोटीत फेरफार करून बनवलेली होती आणि तिच्यात क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. ही बातमी आम्ही त्या वेळी वाचली होती, हळहळलो होतो. मात्र बोट घेताना ती आठवली नाही, निळा-पांढरा रंग तेवढा दिसला.

घरी परतल्यावर आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "रामदास बुडाली तेव्हा मी पाळण्यात होते. पण ती गोष्ट ऐकतच आम्ही मोठे झालो. माणसं एका अंगाला धावली, असंच सांगायचे. अरे, ती लहान बोट घे. दोन खेपा करू." १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकणच्या किनाऱ्यावर ते नाव सांगावे लागत नाही. ज्या आईने "सगळे एकदम" म्हटले होते, तिनेच निकाल दिला.

कागद आणि हिशेब

कागदांनीही तेच सांगितले. मोठ्या बोटीची नोंद मासेमारी नौका म्हणून होती. ती नोंद सहलीला चालत नाही. वरचा मजला तर कोणत्याच कागदावर नव्हता. लहान बोटीचे नोंदणीपत्र आणि तपासणीचा दाखला होता. इंजिनावरचा नंबर कागदाशी जुळला, माणसांची संख्या लिहिलेली होती. महाराष्ट्रात हे काम मेरीटाइम बोर्डाकडे आहे. बयाणा देण्याआधी तेथे जाऊन कागद दाखवून घ्यावेत. विम्यालाही हेच कागद लागतात.

आता पैशांचे. मोठी बोट २ लाख ७५ हजार, तळाचे लाकूड ७० हजार, इंजिन ४० हजार, लाइफ जॅकेट, नांगर, दोर आणि आग विझवण्याचे नळकांडे २५ हजार. एकूण ४ लाख १० हजार. लहान बोट फळीचा दोष दाखवून ३ लाख ३५ हजारांना ठरली. फळी २० हजार, बाकी सामान तेच २५ हजार. एकूण ३ लाख ८० हजार. स्वस्त दिसत होती ती ३० हजारांनी महाग निघाली.

पावसाळ्यात बोट वर ओढून ठेवावी लागते. ऑक्टोबर ते मे या काळात रमजान, परीक्षा आणि लग्नसराई वगळता आमच्या वाट्याला सोळाच सहली येतात. पेट्रोल महाग आहे हे खरे. ४० हॉर्सपॉवरचे इंजिन पूर्ण वेगात तासाला १२ ते १५ लिटर पिते, आरामात चालवले तर निम्मे. तीन तासांची सहल धरून वर्षाचे ३५ हजार होतात. मोठ्या बोटीचे डिझेल १८ हजारांचे झाले असते, पण दर सहलीला खलाशाचे १५०० धरले तर २४ हजार वाढून ४२ हजार. लहान बोट चिरंजीव शिकून घेऊन, दाखला काढून स्वतः चालवतात.

बांधवांना सल्ला

बोट घेताना किती माणसे बसतील हे विचारू नये; किती माणसांचा दाखला आहे हे विचारावे. तळावर टकटक केल्याशिवाय भाव बोलू नये. इंजिन थंड असताना पाहावे. मालक एकटा चालवून दाखवतो त्यावर जाऊ नये, आपली माणसे बसवून फिरून पाहावे, पण दाखल्यापेक्षा एकही जास्त नको आणि जॅकेट सर्वांच्या अंगावर हवे. त्या दिवशी आमच्यापैकी कोणाच्याही अंगावर जॅकेट नव्हते, ही आमची मोठी चूक. मुलांच्या मापाचे वेगळे घ्यावे, मोठ्यांचे मुलांच्या डोक्यावरून निघून जाते. निघण्याआधी भरती-ओहोटीची वेळ पाहावी. ओहोटीचे पाणी आणि समोरून येणारी लाट जेथे भिडते त्या खाडीच्या तोंडाशी लहान बोट नेऊ नये.

डिसेंबरात लेकीचे कुटुंब आले. पहिल्या खेपेला चालक धरून सात, दुसऱ्या खेपेला चालकाव्यतिरिक्त पाच. आई पहिल्या खेपेला गेली. परतल्यावर धक्क्यावर खुर्ची टाकून दुसरी खेप येईपर्यंत बसून राहिली आणि सगळे उतरल्यावर तिने स्वतः मोजून घेतले. बारा भरले, तेव्हा घरी निघालो.