हीटरचा कॉक : जुन्या मालमोटारीस तो बसवावा काय?

गेल्या वैशाखांत आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें आम्हांस एक प्रश्न विचारला. त्याच्या वडिलांची एक जुनी मालमोटार आहे. जालन्याच्या कारखान्यांतील लोखंडी सळ्या घेऊन ती विदर्भांत जाते, आणि हंगामांत मोसंबी भरून उत्तर भारतांत जाते. “सर, उन्हाच्या वेळीं बाबांना केबिनमध्यें बसवत नाहीं. मेस्त्री म्हणतात, हीटरच्या पाण्याला कॉक बसवा. बसवावा काय?” असा तो प्रश्न होता. त्या दिवशीं आम्हीं त्यास अर्धेंच उत्तर दिलें. पुढें ती गाडी पाहून व जाणत्या मेस्त्रींशीं बोलून जें समजलें, तें येथें मांडीत आहों. कारण या जिल्ह्यांतील पुष्कळ घरांची चूल अशाच एखाद्या गाडीवर पेटते.

प्रथम यंत्राची रचना पाहूं. इंजिनांत डिझेल जळतें, तेव्हां त्याच्या उष्णतेचा सुमारें एकतृतीयांश भागच गाडी ओढण्याच्या कामीं येतो. बाकीची उष्णता कांहीं धुराबरोबर निघून जाते व कांहीं इंजिनाच्या धातूंत शिरते. ही दुसरी उष्णता बाहेर काढण्यासाठीं इंजिनाभोंवतीं पाणी खेळविलेलें असतें. पंप तें पाणी फिरवितो. रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जातांना तें वाऱ्यानें निवतें व पुन्हां इंजिनांत येतें. या वाटेवर थर्मोस्टॅट नांवाचा एक पहारेकरी असतो. पाणी साधारणपणें ८० अंशांच्या आसपास तापेपर्यंत तो रेडिएटरची वाट बंद ठेवितो. कारण थंड इंजिन डिझेल अधिक खातें व लवकर झिजतें.

हीटर म्हणजे केबिनमध्यें बसविलेला एक लहानसा रेडिएटरच होय. इंजिनांतील गरम पाणी एका रबरी नळीनें त्यांत येतें व दुसरीनें परत जातें. पंख्याची हवा त्यावरून वाहतांना तापते. आपल्याकडील पुष्कळ जुन्या मालमोटारींत हीटर नसतोच. ज्यांत असतो, त्यांत त्याच्या दोन तऱ्हा आढळतात. पहिल्या तऱ्हेंत पाण्याच्या वाटेवरच कॉक असतो. तो फिरविला कीं पाणी थांबतें. दुसऱ्या तऱ्हेंत पाणी बारमाही वाहत असतें, आणि केवळ हवेची वाट एका झडपेनें मिटविली जाते. ती झडप जुनी होऊन नीट मिटेनाशी झाली, म्हणजे ऐन मे महिन्यांत, बाहेर पारा ४० अंशांवर असतांना, चालकाच्या पायांशीं गरम हवा येऊं लागते.

अशा गाडीस कॉक बसविण्याचे दोन लाभ आहेत. पहिला हा कीं, केबिनमधील एक शेगडी विझते. यास कोणीं चैन म्हणूं नये. उष्म्यानें शरीरांतील पाणी आटतें, डोकें जड होतें, लक्ष ढळतें. आणि पाठीशीं दहा टन लोखंड असतांना लक्ष ढळलें तर काय होईल, हें सांगावयास नको. सरकारनेंहि ही गोष्ट ओळखून, १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांहून अधिक वजनाच्या मालमोटारींच्या केबिनमध्यें वातानुकूलन आवश्यक केलें आहे. तथापि तो नियम नव्या गाड्यांसाठीं आहे. जुन्या गाडीच्या चालकास आपला उपाय आपणच शोधावा लागतो. दुसरा लाभ असा कीं, वाटेंत हीटर गळूं लागला, तर कॉक बंद करून व परतीच्या नळीस चिमटा लावून गाडी गॅरेजपर्यंत नेतां येते.

आतां दुसरी बाजू पाहूं. थर्मोस्टॅटनें रेडिएटरची वाट बंद ठेविली असतांनाहि इंजिनांतील पाणी फिरत राहिलें पाहिजे. नाहीं तर तें एखाद्या कोपऱ्यांत उकळूं लागतें, आणि थर्मोस्टॅटला त्याची वर्दीहि लागत नाहीं. यासाठीं बहुतेक इंजिनांत पाण्याला परतण्यास एक निराळी आडवाट केलेली असते. परंतु कांहीं इंजिनांत हीटरची वाट हीच ती आडवाट असते. तेथें साधा कॉक बंद केला, तर चालकाचे पाय निवतील पण इंजिन धोक्यांत येईल. अशा गाडीस चार तोंडांचा व्हॉल्व्ह लागतो. तो हीटरकडे जाणारें पाणी अडवितो, परंतु तेथूनच त्यास परतीच्या नळींत वळवितो. फिरणें थांबत नाहीं.

म्हणून आमचें मत असें आहे कीं, खर्च करण्यापूर्वीं तीन गोष्टी पाहाव्या. एक, गाडीस मूळचाच कॉक आहे काय? दोन, उष्णता खरोखर हीटरचीच आहे काय? हीटर बंद ठेवून गाडी चालवावी, मग इंजिन थांबवून हीटरच्या दोन्ही नळ्यांजवळ हात नेऊन पाहावा. दोन्ही नळ्या तापलेल्या असतील, तर पाणी वाहत आहे असें समजावें. तीन, इंजिनास स्वतंत्र आडवाट आहे काय? हें मेस्त्रीस विचारावें, आणि तो निश्चित सांगूं शकला नाहीं, तर चार तोंडांचाच व्हॉल्व्ह घ्यावा.

कॉक नेहमीं इंजिनाकडून येणाऱ्या नळीवर बसवावा. परतीच्या नळीवर बसविला, तर पंपाचा दाब जुन्या हीटरवर तसाच राहतो. धुराच्या नळकांड्यापासून तो दूर असावा, आणि नळ्यांस स्क्रूच्या क्लिपा घट्ट आवळाव्या. कारण प्रत्येक नवा जोड ही गळतीची एक नवी जागा असते. बंद हीटरमध्यें पाणी सांचून राहतें व गाळ बसतो. आपल्या कूपनलिकांचें जड पाणी घातलें असेल, तर क्षारहि धरतात. यासाठीं कंपनीनें सांगितलेलें कूलंटच वापरावें, महिन्यांतून एकदां कॉक उघडून पाणी खेळूं द्यावें, आणि नवें कूलंट भरतांना तो उघडाच ठेवावा. घाटांत इंजिन फार तापूं लागलें, तर कॉक उघडून हीटरचा पंखा लावावा. केबिन तापेल, परंतु इंजिनास थोडा आधार मिळेल. मग गाडी सुरक्षित जागीं थांबवावी. तापलेल्या रेडिएटरचें झांकण मात्र कधींहि उघडूं नये. आंतील वाफेनें व पाण्यानें हातातोंडास भाजतें.

त्या विद्यार्थ्याच्या गाडींत काय निघालें, हें वाचकांस जाणावेंसें वाटेल. इंजिनाच्या बाजूस, चिखल व तेलाच्या पुटाखालीं, मूळचाच एक कॉक होता. तो कित्येक वर्षें कोणीं फिरविलेला नव्हता व गंजून उघडाच अडकला होता. तो बदलला. केबिनमध्यें असलेल्या इंजिनाच्या झांकणाखालचें अस्तरहि फाटलें होतें. तें नवें घातलें. नवी कांहीं युक्ति करावी लागली नाहीं. आतां त्याचे वडील थंडींत उत्तरेस जातांना कॉक उघडतात व होळीनंतर बंद करतात. या सुटींत आमच्या विद्यार्थ्यांनीं आपल्या वडिलांबरोबर बसून, इंजिन थंड असतांना, गाडीच्या पाण्याची वाट एकदां बोटानें दाखवून पाहावी, अशी आमची त्यांस सूचना आहे.