मिरचीचे घरचे बी आणि वाणाची शुद्धता

मिरची मूळची अमेरिका खंडातील. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ती आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आणली, आणि आता तिच्यावाचून कोकणातील स्वयंपाक चालत नाही. रायगडच्या किनारपट्टीत भाताची कापणी आटोपली की विहिरीच्या गोड्या पाण्यावर मिरचीची लागवड करता येते. तिखटासाठी लवंगी, रंगासाठी ब्याडगी, हिरव्या तोडणीसाठी ज्वाला आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण कीर्ती, असे निरनिराळे वाण उपलब्ध आहेत. ते एकाच वाडीत लावून त्यांचे बी घरीच धरावयाचे असल्यास मात्र दक्षता घ्यावी लागते.

मिरचीच्या फुलात स्वपरागीभवन होते. तथापि मधमाश्या व इतर कीटक एका वाणाचा पराग दुसऱ्यावर सहज नेतात. ब्याडगीच्या फुलावर लवंगीचा पराग पडला तरी त्या वर्षीचे फळ ब्याडगीसारखेच दिसते. भेसळ असते ती आतील बियांत, आणि ती उघडकीस येते पुढील वर्षी, झाडे फळावर आल्यानंतर. तोपर्यंत पाणी, खत आणि हंगाम खर्ची पडलेला असतो. दोष बहुधा जमिनीला दिला जातो!

प्रमाणित बियाण्यासाठी दोन वाणांत २०० मीटर अंतर राखण्याचा दंडक आहे. गुंठ्यांत मोजल्या जाणाऱ्या वाडीला तो कसा परवडावा? त्यावर सोपा उपाय आहे. निरोगी झाडाची एक फांदी निवडून तिच्यावरील उमललेली फुले व धरलेली फळे काढून टाकावीत आणि कळ्यांसह ती फांदी मलमलीच्या पिशवीत बांधावी. आत फळे धरली की पिशवी सोडून देठांना रंगीत दोरा बांधावा. ही फळे झाडावरच पूर्ण लाल होऊ द्यावीत. बी सावलीत सुकवून हवाबंद बाटलीत ठेवावे. किनाऱ्यावरील दमट हवेत उघड्या बियांची उगवणशक्ती लवकर घटते. संकरित वाणाचे बी मात्र धरू नये, कारण पुढच्या पिढीत झाडे एकसारखी निघत नाहीत.

पेरणी गादीवाफ्यावर करावी. सपाट वाफ्यात पाणी साचून कोवळी रोपे बुंध्याशी कुजतात व कोलमडतात. पेरणीपूर्वी बियांस ट्रायकोडर्मा चोळल्यास या रोगास आळा बसतो. वाफ्यावर बारीक जाळी लावल्यास बोकड्या रोगाचा विषाणू पसरविणारी पांढरी माशी रोपांपासून दूर राहते. रोपे पाच-सहा आठवड्यांची झाली की लागणीयोग्य होतात. खाऱ्या पाण्याची झळ लागणारी खाजण जमीन या पिकास मानवत नाही.

२००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानुसार शेतकऱ्यास घरचे बी राखण्याचा, त्याची देवघेव करण्याचा, इतकेच नव्हे तर छापील नाममुद्रेशिवाय ते विकण्याचाही अधिकार आहे. गावोगावच्या शाळांच्या परसबागेत एकेका शाळेने एकच वाण लावल्यास वाण वेगळे राखणे सोपे जाईल. पंचायतींनी जून महिन्यापूर्वी शाळांशी विचारविनिमय करून कोणत्या शाळेने कोणता वाण लावावयाचा, हे ठरवून घ्यावे.