जुनी डिस्क काढण्याआधी
माहितीची राखण : लेखांक ९

मागच्या आठवड्यात २ टेराबाइटच्या चार डिस्क घेऊन आपण लिनक्सवर रेड-५ ॲरे उभा केला. तीन डिस्कांइतकी, म्हणजे ६ टेराबाइट जागा वापरायला मिळाली आणि एका डिस्कएवढी जागा पॅरिटीत गेली. असा ॲरे काही वर्षांत भरतोच. लग्नाचे व्हिडिओ, मुलांचे फोटो, स्कॅन केलेले सातबारे आणि खरेदीखतं, यातलं पुसावं असं काहीच नसतं. तेव्हा आता ८ टेराबाइटच्या डिस्क आणायच्या आणि आतला मजकूर आहे तिथेच ठेवून ॲरे मोठा करायचा.

पॅरिटीचा हिशेब सम-विषमाचा असतो. चार डिस्कांवर एकाच ओळीत येणाऱ्या चार बिटांमध्ये एकांची संख्या कायम सम राहील, असा पॅरिटीचा बिट ठरवला जातो. तीन बिट हातात असले की चौथा निघतो, म्हणून एक डिस्क गेली तरी माहिती राहते. पण तो चौथा बिट काढायला उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत बिनचूक वाचता याव्या लागतात. लोक नव्या डिस्ककडे संशयाने बघतात. मला धास्ती असते ती जुन्यांची.

सर्रास सांगितली जाणारी रीत अशी : एक जुनी डिस्क ‘फेल’ म्हणून नोंदवायची, काढायची, तिथे नवी बसवायची आणि रिबिल्ड होऊ द्यायचा. असं चार वेळा. सेकंदाला १५० मेगाबाइटचा वेग धरला तर एका फेरीला पावणेचार तास लागतात, आणि तेवढा वेळ ॲरे निराधार असतो. दर फेरीत ६ टेराबाइट वाचलं जातं, चार फेऱ्यांत २४. घरगुती डिस्कांच्या माहितीपत्रकात वाचनातल्या चुकीची कमाल मर्यादा बहुधा एक लाख अब्ज बिटांमागे एक अशी छापलेली असते. म्हणजे साधारण १२.५ टेराबाइटमागे एक. प्रत्यक्षात डिस्क याहून बऱ्याच चांगल्या वागतात. तरीही वर्षानुवर्षं न उघडलेल्या फाइलखाली एखादा सेक्टर मेला असेल, तर तो नेमका या निराधार तासांत समोर येतो.

म्हणून आधी पूर्ण ‘चेक’ चालवा. त्यात प्रत्येक सेक्टर वाचला जातो, आणि न वाचता आलेला सेक्टर बाकीच्या डिस्कांवरून हिशेबाने काढून पुन्हा लिहिला जातो. डेबियनवर हे काम दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप होतं, पण आपल्या मशिनवर ते खरंच झालं का ते लॉगमध्ये बघा. डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या ज्या ‘स्मार्ट’ नोंदी ठेवते, त्यांत ‘पेंडिंग सेक्टर’ शून्य दिसेपर्यंत पुढे जाऊ नका.

त्यानंतर ‘फेल’च्या वाटेला न जाता, लिनक्सवर ॲरे सांभाळणाऱ्या एमडीएडीएमची ‘रिप्लेस’ ही आज्ञा वापरा. नवी डिस्क आधी स्पेअर म्हणून जोडायची आणि जुनीच्या जागी ती घ्यायला सांगायचं. जुनी डिस्क ॲरेत राहते आणि तिच्यावरूनच नवीवर नक्कल होते. मध्येच एखादा सेक्टर वाचता आला नाही तर बाकीच्या तिघी तो पुरवतात. नक्कल पुरी झाल्यावरच जुनी बाजूला होते. यासाठी एक जादा साटा पोर्ट लागतो. तो नसेल तर साटा पोर्ट वाढवणारं कार्ड घ्या. हा खर्च टाळू नये असं मला कळकळीने वाटतं.

खोक्यात हात घालायची वेळ आली की आणखी एक धोका उभा राहतो. एसडीए, एसडीबी ही नावं मशिनला डिस्क सापडण्याच्या क्रमावर ठरतात आणि रिबूटनंतर बदलू शकतात. एका ओळखीच्या माणसाच्या स्टुडिओत रात्री उशिरा, एक डिस्क आधीच बाहेर असताना, मी नावावर विसंबून दुसरी चांगली डिस्क ओढली. ॲरे तिथल्या तिथे बंद पडला. ‘क्रिएट’ आज्ञा देऊन ॲरे पुन्हा बांधावा असं मनात आलं होतं. ती दिली असती तर डिस्कांवरच्या जुन्या नोंदी पुसल्या गेल्या असत्या, आणि डिस्कांचा क्रम किंवा माहिती सुरू होण्याची जागा जरा जरी चुकली असती तरी वर्षांचं काम गेलं असतं. मशिन बंद केलं आणि घरी आलो. सकाळी ती डिस्क परत लावून ‘असेंबल’ सक्तीने चालवलं, तेव्हा ॲरे उठला. तेव्हापासून प्रत्येक डिस्कचा सिरियल नंबर आधी स्क्रीनवरून कागदावर उतरवतो, मग लेबलवर वाचतो, आणि दोन्ही जुळल्यावरच केबलला हात लावतो.

खरेदी करताना एसएमआर डिस्क घेऊ नका. तिच्यातले ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढलेले असतात. मधलं कौल बदलायचं तर पुढचीही उचलावी लागतात, तसं तिथे लेखन होतं आणि रिबिल्ड भयंकर रेंगाळतो. नाससाठी, म्हणजे नेटवर्कवरच्या साठवणीसाठी, म्हणून विकलेल्या काही डिस्क अशा होत्या आणि तसं सांगितलेलं नव्हतं, हे २०२० साली उघड झालं. नव्या डिस्कवर जीपीटी विभागणीच करा, कारण जुनी एमबीआर पद्धत २ टेराबाइटपलीकडे पोचत नाही.

चारही डिस्क बदलल्या तरी ॲरे ६ टेराबाइटचाच दिसेल. घाबरू नका. ‘ग्रो’ आज्ञेने आकार कमाल करा, तो २४ होईल. वाढलेल्या भागाची पॅरिटी लिहायला बरेच तास जातात, पण त्या काळात फाइली वापरता येतात.

दुकानात चार नाही, पाच डिस्क मागा. ८ टेराबाइटच्या एका डिस्कवर तुमचे सहाच्या सहा टेराबाइट मावतात. पहिला स्क्रू सोडण्याआधी पाचव्या डिस्कवर पूर्ण नक्कल घ्या, काही फाइली उघडून बघा आणि ती डिस्क खोलीबाहेर ठेवा. काढलेल्या चार जुन्या डिस्कांवर भिस्त ठेवू नका. बदल चालू असताना ॲरेवर लेखन झालं असेल, तर वेगवेगळ्या वेळी निघालेल्या त्या चौघींचा हिशेब एकमेकींशी जुळणार नाही. तरी त्यांच्यावर तारखेच्या चिठ्ठ्या लावा, आणि नव्या ॲरेवर एक पूर्ण चेक होईपर्यंत त्या पुसू नका.

ॲरे वाढला, पण फाइल सिस्टीमला ते अजून कळलेलं नाही. ते काम पुढच्या आठवड्यात.