समतेचा धडा आणि वर्गातील संवाद

विद्यापीठीय शिक्षणात समता हा विषय बहुधा अभ्यासक्रमातील एक प्रकरण म्हणून येतो. राज्यघटनेचे अनुच्छेद १४ ते १८ शिकविले जातात, त्यांवर परीक्षेत प्रश्नही विचारले जातात. मात्र त्याच वर्गात शिष्यवृत्तीच्या अर्जदारांची नावे जातिनिहाय मोठ्याने वाचली गेली, तर त्या दिवशी विद्यार्थी कोणता धडा शिकतात, याचा विचार क्वचितच होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या विनियमांनी हा प्रकार नेमका हेरला. वर्गात विद्यार्थ्याची जात जाहीर करणे, त्याच्यावर राखीव गटाचा शिक्का मारणे, कमी गुणांचे कारण त्याच्या जातीत वा प्रदेशात शोधणे, यांस त्यांनी मनाई केली.

अवमानास नियमाने आळा बसू शकतो. संवाद मात्र अध्यापकालाच घडवावा लागतो, आणि ते काम वाटते तितके सोपे नाही. जातीचा विषय निघताच वर्गाची नजर दोन-तीन विद्यार्थ्यांकडे वळते. "तुमचा अनुभव सांगा" हा सद्हेतूने केलेला आग्रहही त्यांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करतो. बाकीचे श्रोते होतात. जणू जातीने त्यांच्या पदरात काही टाकलेच नाही! म्हणून प्रश्न सर्वांनाच विचारलेला बरा. घरात पहिले पुस्तक कोणी आणले? आजीला सही करता येत होती काय? गावात पाणवठे किती होते? उत्तरे नावाविना लिहून घेतल्यास अबोल विद्यार्थीही चर्चेत येतो, आणि पुढे बोलावे की नाही, हे त्याच्याच हाती राहते.

भाषेचा अडसर याहून सूक्ष्म आहे. एखादीच्या उच्चारांना वर्ग एकदा हसला की ती वर्षभर तोंड उघडत नाही. अशा वेळी अध्यापक स्वतः हसले नाहीत, एवढे पुरेसे नसते.

पुणे विद्यापीठातील स्त्री अभ्यास केंद्रात अध्यापन केलेल्या शर्मिला रेगे यांनी २०१० साली अध्यापनपद्धतीविषयी लिहिताना महात्मा फुले यांच्या १८५५ च्या 'तृतीय रत्न' नाटकाचा आधार घेतला, तो सार्थच होता. गप्प राहण्याची सवय मुले विद्यापीठात शिकत नाहीत. ती गावच्या शाळेतूनच सोबत येते. १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात फुले यांनी प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातील असावेत, अशी मागणी केली होती. असे शिक्षक लोकांत मोकळेपणाने मिसळतील आणि त्यांच्या गरजा अधिक चांगल्या जाणतील, हे कारणही त्यांनी तेथेच नमूद केले होते.